वाळूतली सोळा चाकं

दारात कोणी आलं की लोक त्याचा चेहरा बघतात. टायरमामा त्याची चाकं बघत. नमस्कार-चमत्कार नंतर. "पुढचं डावं बसलंय," एवढं म्हणून ते आत वळत, आणि जुन्या गिऱ्हाइकाला कळे की आपलं स्वागत झालं.

ते तसे कोणाचेच मामा नव्हते. त्यांना बहीणच नव्हती. तरी अख्ख्या रस्त्यावर त्यांना इतके भाचे होते की चार बहिणी असत्या तरी पुरे पडले नसते. दुकान दोन शटरांचं. एका बाजूला चष्मेवाला, दुसऱ्या बाजूला झेरॉक्स. आत टायरांच्या उतरंडी, पंक्चर शोधायचा काळ्या पाण्याचा टब, आणि कोपऱ्यात एक म्हातारा कॉम्प्रेसर. तो सुरू होण्याआधी दोनदा खोकायचा. मामा त्याला "हो हो, घाई नाही," म्हणायचे, मग तो उठायचा. गाडी मागे घेताना मामांची हाक ठरलेली: येऊ द्या, येऊ द्या, येऊ द्या... ब्बास. त्या "ब्बास"मध्ये दोन ब असत, आणि दुसऱ्या ब वर गाडी जागच्या जागी थांबे. शेजारच्या चष्मेवाल्यात ती हाक इतकी भिनली होती की गिऱ्हाइकाच्या डोळ्यांवर काच नीट बसली की तोही नकळत "ब्बास" म्हणायचा.

जगातल्या निम्म्या तक्रारी हवा कमी असल्याने होतात, असं मामांचं पक्कं मत होतं. धुण्याचं मशीन थडथडलं, कोणाचा गुडघा दुखला, चष्मेवाल्याचा धंदा मंदावला, मामा म्हणायचे, "हवा बघितली का?" मामी यावर वैतागून हसायची. तिचं म्हणणं, "आमचं भांडण झालं ना, की हे चप्पल घालून आधी स्कूटरची हवा बघून येतात. मग माझ्याकडे वळतात. मीच आपली ट्यूबलेस म्हणून टिकले."

त्यांची एकुलती एक मुलगी ठकी. कागदावर नाव वेगळं होतं, पण ते फक्त कागदाला माहीत. ती आठवडाभर कुरिअरच्या गोदामात कोणती गाडी कुठे पाठवायची ते बघायची, आणि हिवाळा लागला की शनिवार-रविवारी वाळवंटात गाड्या चालवणाऱ्या एका टोळक्यात जायची. त्या टोळक्याचा कारभार कवायतीच्या सरांकडे होता. शाळेतून निवृत्त झालेले, पाठ अजून फळ्यासारखी. ते स्वतःच प्रश्न विचारत आणि स्वतःच उत्तर देत, समोरच्याने मध्ये फक्त श्वास घ्यायचा. "वाळू म्हणजे काय? पाणीच. ओलं नाही, एवढंच."

या टोळक्यात पुढची गाडी चालवायचा मान असा सहज मिळत नसे. उमेदवाराने दोन दिवस सगळ्यांना वाळूतून न्यायचं आणि परत आणायचं. मध्ये सर एकदा जरी पुढे आले, तर संपलं, पुढच्या हिवाळ्यात बघू. आणि परत डांबरी रस्ता लागला की सर वॉकी-टॉकीवर प्रत्येक गाडीला एकच प्रश्न विचारणार: पुन्हा हिच्या मागे गाडी लावाल? एक जरी "नाही" आलं तरी मान गेला. ठकी दोन हिवाळे सगळ्यात मागची गाडी चालवत आली होती. या शनिवारी ती पुढे असणार होती.

उमेदवाराला घरचं एक माणूस सोबत नेता येई. ठकीने आईला विचारलं. आई म्हणाली, "मला लिफ्टमध्ये गरगरतं, तू वाळूचे डोंगर काय दाखवतेस? बाबांना ने. आणि दुकानाला पण जरा कळू दे यांच्याशिवाय जगायचं कसं." मामांनी शनिवार गर्दीचा असतो वगैरे सांगून पाहिलं, पण मामीने त्यांची पिशवी आधीच भरली होती. शेवटी त्यांनी शटरवर पाटी लावली: दोन दिवस बंद. हवा समोरच्या पेट्रोल पंपावर मिळेल. थोडा वेळ पाटीकडे बघत राहिले. मग खडू घेऊन खाली लिहिलं: पण बघून घ्या.

*

डांबरी रस्ता जिथे संपतो तिथे चार गाड्या ओळीने थांबल्या. पहिली ठकीची, शेजारच्या सीटवर मामा. दुसरी दातांच्या डॉक्टरीणबाईंची, सोबत त्यांची नणंद. तिसऱ्या गाडीत एकटे बेकरीवाले. शेवटी सर.

मामा खाली उतरून पाय मोकळे करत होते, तेवढ्यात त्यांना तो आवाज आला. सूंऽऽ. त्या आवाजाला ते झोपेतून उठून बसले असते. वळून बघतात तो ठकी उकिडवी बसून पुढच्या चाकातली हवा सोडत होती. काल संध्याकाळी मामांनी स्वतः भरलेली.

"अगं ए, काय करतेस?"

ठकीने समजावलं. वाळूवर टायर मऊ लागतो. मऊ असला की तो पसरतो, उंटाच्या पावलासारखा, आणि गाडी वर तरंगते. कडक असला की सुरीसारखा आत घुसतो. रस्त्यावर बत्तीस, इथे पंधरा.

मामा म्हणाले, पंधरावर तर भाजीची हातगाडीसुद्धा चालत नाही. ठकी म्हणाली, बाबा, इथे मी सांगते ते. ती उद्धटपणे नाही म्हणाली, पण गोदामात ज्या आवाजात ड्रायव्हरांना सांगत असेल तोच तो आवाज होता, आणि मामांनी तो प्रथमच ऐकला.

पलीकडे डॉक्टरीणबाई व्हॉल्वची टोपी काढताना चाकाला धीर देत होत्या. जरा सुटल्यासारखं वाटेल हं, झालंच, झालंच. नणंदबाईंनी खिडकीतून मान काढून विचारलं, "वहिनी, याला चूळ भरायला सांगू का?" बेकरीवाले मात्र कोणाशी न बोलता काम उरकत होते. त्यांचा चेहरा कायम असा, की भट्टीत काहीतरी करपतंय आणि ते दुसऱ्या कोणामुळे करपतंय. मामांना त्यांच्याशी बोलावंसं वाटलं, कारण इथे हवा सोडण्यात आनंद न मानणारे ते एकटेच दिसत होते. ते जवळ जाऊन म्हणाले, की आमच्या धंद्यात याला पाप म्हणतात. बेकरीवाले म्हणाले, आमच्यात हवा गेली की पाव फेकून देतात. दोघांचं जमलं.

मग वाळू सुरू झाली. गाडी चढावर नाक वर करून निघायची, समोर नुसतं आभाळ दिसायचं, आणि वरच्या धारेवर क्षणभर कळायचंच नाही पलीकडे काय आहे. मग नाक खाली, आणि सगळी टेकडी गाडीबरोबर हळूहळू घसरायची. ठकीचा हात स्टिअरिंगवर सैल होता. ती वाळूकडे बघायची तशी मामांनी तिला अभ्यासाच्या पुस्तकाकडे कधी बघताना पाहिलं नव्हतं. रंग बघून ती ओळखायची: ही पिवळी कडक, ही पांढरट फसवी, इथे वाऱ्याच्या रेघा बारीक आहेत, इथून जायचं. वॉकी-टॉकीवर तिचा आवाज संथ यायचा. डावीकडून या, जोर कमी करू नका, वर थांबू नका, छान. मागून सर फक्त "पोचलं" म्हणत. मामा वरच्या दांडीला धरून बसले होते आणि मनातल्या मनात प्रत्येक चढावर "येऊ द्या, येऊ द्या" म्हणत होते.

संध्याकाळी टेकड्यांच्या मध्ये एका खडीच्या सपाट तुकड्यावर मुक्काम पडला. वाळवंट असं असेल हे मामांना वाटलं नव्हतं. इतकी शांतता, की कोणी पिशवीची चेन ओढली तर सगळे वळून बघत. बेकरीवाल्यांनी निखाऱ्यात बटाटे पुरले. डॉक्टरीणबाईंनी गोड काही न आणल्याबद्दल नणंदबाईंनी त्यांना सुनावलं, की लोकांचे दात वाचवा, पण निदान एक दिवस धंद्याचा विचार करा. ठकीने नकाशा पसरून सगळ्यांना उद्याचं सांगितलं: पहाटे समोरच्या उंच टेकडीवर चढून सूर्योदय बघायचा, मग चहा, मग निघायचं, पण आलो त्या वाटेने नाही. मधल्या टेकड्यांच्या रांगेतून परत जायचं, ती खरी परीक्षा.

मामा त्या वेळी तंबूशी झगडत होते. तंबूच्या एका दांडीने त्यांना चांगलंच घोळात घेतलं होतं. त्यामुळे त्यांच्या कानावर सूर्योदय आला, चहा आला, "आलो त्या वाटेने नाही" आलं आणि "परत" आलं. वाळूची वाट नाही म्हणजे ही खडीच पुढे रस्त्याला मिळणार. परत म्हणजे घर, घर म्हणजे रस्ता, आणि रस्ता म्हणजे बत्तीस. यात विचारण्यासारखं काय होतं?

*

पहाटे सगळे टेकडी चढायला गेले. मामांचा गुडघा त्या चढाला नको म्हणाला, तेव्हा चहाचं त्यांच्याकडे आलं. त्यांनी पाणी मोजून ठेवलं, शेगडी लावायची बाकी ठेवली, आणि हात पाठीमागे बांधून फेरी मारायला निघाले.

चारही गाड्या बसलेल्या. एक चाक बसलं तर माणूस समजू शकतो. इथे सोळाच्या सोळा चाकं, सगळ्यांची पोटं सुटलेली, थकून फतकल मारल्यासारखी. मामांना ते बघवेना. त्यांनी नजर आभाळाकडे वळवली. आभाळ गुलाबी होत होतं. नजर परत खाली आली.

त्यांना ठकीचा विचार आला. काल दिवसभर पोरीने एकटीने सगळं ओढलं होतं. आज रस्त्याला लागल्यावर सगळे थांबणार, प्रत्येक जण आपापला छोटा पंप काढणार, उन्हात तासभर जाणार, लोक वैतागणार, आणि तेव्हाच सर तो प्रश्न विचारणार. वैतागलेला माणूस "हो" म्हणतो का? आणि त्याऐवजी असं झालं की लोक उतरले, चाकांकडे बघितलं, आणि हवा आधीच भरलेली. कोणी? लीडरच्या बापाने. तेवढंच पोरीच्या पारड्यात.

गाड्यांच्या किल्ल्या लावलेल्याच होत्या, पंप मागे होते. मामांनी दोन गाड्यांचे पंप एकदम लावले. एक दमेकरी होता, दुसरा तरणा. त्यांनी दोघांनाही "घाई नाही" म्हटलं. टेकडीवर वारा होता. वरच्यांना खालचा आवाज पोचला नाही. मामा एका चाकाजवळून दुसऱ्याकडे गेले, हवेचं गेज लावलं, आकडा बघितला, टोपी बसवली, टोपीवर अंगठा फिरवला. चाकं एकेक करून उभी राहिली. गाड्यांनी पाठ ताठ केली. सरांच्या गाडीला तर ते विशेष शोभून दिसलं. स्टेपन्यासुद्धा त्यांनी सोडल्या नाहीत.

शेवटचं चाक ठकीचं. ते गेज लावून उकिडवे बसले असताना मंडळी टेकडीवरून उतरली, उजळलेल्या तोंडांची, बुटांत वाळू घेऊन. ठकीने लांबून बघितलं. बाबा आणि हातात गेज. निघण्याआधी प्रत्येक चाक हाताने दाबून बघायचं हे लीडरचं पहिलं काम. ती त्यासाठीच गाड्यांकडे वळली होती. पण जगात ज्या माणसाच्या हातात गेज शोभतं तो माणूस ते हातात घेऊन बसला होता. ती हसली आणि तंबू आवरायला गेली.

मामा काही बोलले नाहीत. केलेलं काम सांगितलं की निम्मं होतं, असं ते मानत. त्यांनी चहा ठेवला. नणंदबाई म्हणाल्या, मामा, चहा फक्कड झालाय, वहिनींच्या दवाखान्यात तुमच्यासारखा माणूस हवा. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आधी नणंद तरी बदलून मिळते का बघते.

*

खडीवरून गाड्या अशा पळाल्या की काय सांगावं. मामा गालात हसत बसले. ठकी एकदा म्हणाली, स्टिअरिंग आज हलकं लागतंय. मामा म्हणाले, सकाळची वेळ आहे.

खडी संपली. समोर पहिला चढ. कालच्या मानाने तो चढ म्हणण्याच्याही लायकीचा नव्हता. ठकीने जोर घेतला, गाडी अर्ध्यावर गेली, मागची चाकं फिरू लागली, वाळू उडाली, आणि गाडीने हळूच पोट टेकलं. तिने मागे घ्यायचा प्रयत्न केला. गाडी आणखी खाली बसली. तिने मागच्यांना उजवीकडून यायला सांगितलं. डॉक्टरीणबाई उजवीकडून आल्या आणि तिच्याच शेजारी रुतल्या. बेकरीवाले आणखी लांबून, जोरात आले; त्यामुळे जास्त खोल गेले. सर खडीच्या कडेला थांबून राहिले.

वॉकी-टॉकी खरखरला. मग बेकरीवाल्यांचा आवाज आला. त्यांनी विचारलं, लीडरबाई, ही वाट नक्की बघून घेतली होती ना? त्या "नक्की"त आठवडाभराचा शिळा पाव होता.

ठकी खाली उतरली. तिने वाळू मुठीत घेतली, सोडली, पुन्हा घेतली. रंग पिवळा होता. रेघा बारीक होत्या. सगळं कालच्यासारखंच होतं. मामा फावडं घेऊन मागे आले तेव्हा ती त्यांच्याकडे न बघता अगदी हळू म्हणाली, "बाबा, मला वाळू कळेनाशी झालीय."

मामांनी पोरीला दहावीच्या निकालाला, नोकरी सुटली तेव्हा, अनेकदा रडताना पाहिलं होतं. हे रडणं नव्हतं. हे त्यापेक्षा वाईट होतं. ते खणायला वाकले, आणि चाकाच्या मागे उमटलेला ठसा त्यांना दिसला. अरुंद. दोन्ही कडा पट्टीने मारल्यासारख्या सरळ. त्यांनी काल दिवसभर खिडकीतून मागे पडत जाणारे ठसे पाहिले होते, ते पसरट होते, कडा विरलेल्या. रस्ता, वाळू, उंट, सुरी, सगळं त्यांच्या डोक्यात एका क्षणात जागेवर बसलं.

वॉकी-टॉकी बोलू लागला. सर होते. त्यांनी शांतपणे विचारलं, "मी पुढे येऊ का?"

नियमच तसा होता, तीन गाड्या रुतल्या की त्यांनी विचारायचंच. उत्तर ठकीने द्यायचं. ती गाडीच्या दारापाशी गेली, वॉकी-टॉकी हातात घेतला आणि उभी राहिली. मामांना दिसत होतं की ती "या" म्हणणार आहे.

वाटलं असतं तर ते गप्प राहू शकले असते. चार चाकांची हवा गुपचूप सोडायची, गाडी निघाली असती, बापाची लाज राहिली असती. पण बाकीची बारा चाकं काय करायची? आणि आपल्याला वाळू कळेनाशी झाली असं जे तिने मनात घेतलं होतं, ते कोण काढणार?

"थांब," ते म्हणाले. "तुझं काही चुकलेलं नाही. चाकात बत्तीस आहे."

ठकीने त्यांच्याकडे बघितलं. मग चाकाकडे. मग बोटाने टायर दाबला. टायर तिच्या बोटाला ओळख न दिल्यासारखा राहिला.

"सगळ्या गाड्यांच्या?"

"सगळ्या."

"सरांच्याही?"

"स्टेपन्यासुद्धा," मामा म्हणाले. लपवायचं तर सुरुवातीला, आता काय.

ठकीच्या तोंडावर राग येऊन गेला, मग काहीतरी दुसरंच आलं. हसू म्हणावं तर तेही नव्हतं. मामांनी हात पुढे केला, म्हणाले की दे, मी सांगतो सगळ्यांना. तिने दिला नाही. बटण दाबून ती स्वतः बोलली.

"सर, पुढे येऊ नका. सगळ्या चाकांत रस्त्याची हवा आहे. सकाळी चाकं दाबून बघणं माझं काम होतं. मी बघितली नाहीत. चूक माझी."

तिने बटण सोडण्याआधीच मामा तिच्या हातावर वाकून मोठ्याने म्हणाले, "भरली मी. तिला न सांगता. नमस्कार." हा "नमस्कार" का म्हटला ते त्यांनाही कळलं नाही. शेजारी डॉक्टरीणबाईंच्या गाडीतून नणंदबाईंचं हसणं वाळूवर लांबपर्यंत ऐकू आलं.

पुढचं काम ठकीने वाटून दिलं. हवा आज कालच्याहून थोडी कमी, बारा, कारण गाड्या आधीच खोल आहेत. चाकांच्या पुढची आणि पोटाखालची वाळू काढायची, आधी आपली गाडी निघेल, मग ती इतरांना वाट दाखवेल, कोणी दोर लावायचा नाही. हवा सोडायचं मामांकडे. त्यांना कोणी शिक्षा म्हणून सांगितलं नव्हतं. ते स्वतःच आगपेटीची काडी घेऊन व्हॉल्वपाशी बसले. ज्या क्रमाने भरली त्याच्या उलट क्रमाने सोडत निघाले. सूंऽऽ. चाकं एकेक करून खाली बसली. सरांच्या गाडीपाशी ते आले तेव्हा सर खाली उतरून उभे होते. दोघांनी एकमेकांकडे बघितलं. सर म्हणाले, चांगली भरली होती. मामा म्हणाले, हो, भरायला येते मला.

बेकरीवाले कंबरभर खड्ड्यात उभे राहून खणत होते. मामा त्यांच्या चाकापाशी बसले. फेकायच्या पावाकडे बघावं तसं ते त्यांच्याकडे बघत होते.

ऊन चढलं होतं पण तापलं नव्हतं. ठकीने गाडीत बसून इंजिन सुरू केलं. जोर दिला नाही, गाडीला नुसती पुढे सरकायची परवानगी दिली. मऊ चाकांनी वाळू धरली. गाडी दोन बोटं हलली, मग हातभर, मग जणू काही झालंच नव्हतं अशी चढून वर गेली. मामा खालीच राहिले होते, हातात काडी. वरून तिचा आवाज वॉकी-टॉकीवर आला, संथ, कालचा. डॉक्टर, माझ्या ठशांतून या. जोर कमी करू नका. छान.

बेकरीवाल्यांची गाडी तिसऱ्या प्रयत्नात निघाली. ते वॉकी-टॉकीवर "निघाली" एवढंच म्हणाले. त्यानंतर दुपारपर्यंत मधल्या रांगेतल्या टेकड्या एकामागून एक गेल्या, आणि कोणी रुतलं नाही.

*

डांबरी रस्ता लागला. गाड्या कडेला लागल्या. ठकीने सांगितलं, हवा भरून घ्या, बत्तीस. आणि बाबांकडे बघून म्हणाली, आता भरा.

मामा डॉक्टरीणबाईंच्या चाकापासून सुरुवात करायला बसले. पंप चालू झाला होता, तेवढ्यात उघड्या दारातून वॉकी-टॉकीवर सरांचा आवाज आला. नियमाप्रमाणे विचारतो. पुन्हा हिच्या मागे गाडी लावाल?

मामांनी पंप बंद केला. अर्ध्यात हवा तोडून कान देणं त्यांनी आयुष्यात केलं नव्हतं.

डॉक्टरीणबाई लगेच बोलल्या, की लावीन, आणि मला कळही लागली नाही. नणंदबाईंनी मागून ओरडून सांगितलं, की माझं मत नाही पण असतं तर मामांच्या चहाच्या अटीवर दिलं असतं.

मग बेकरीवाले. खरखर आली, थांबली, पुन्हा आली. मामा उकिडवे होते ते तसेच राहिले. त्यांचा गुडघा बोंबलत होता, पण त्याच्याकडे लक्ष द्यायला त्यांना सवड नव्हती.

"मी दीड तास खणलंय," बेकरीवाले शेवटी म्हणाले. "माझ्याकडे कामाला माणसं आहेत. पाव बसला की एक म्हणतो पीठ खराब, दुसरा म्हणतो भट्टी खराब, तिसरा म्हणतो हवामान. पंचवीस वर्षांत 'मी विसरलो' असं कोणी म्हटलेलं मला आठवत नाही." ते थांबले. "लावीन."

आता फक्त सर राहिले. ते नेहमीप्रमाणे स्वतःलाच विचारत बोलले. गाडी सुरू केल्याबरोबर स्टिअरिंग हलकं लागलं. मला कळलं का? कळलं. मग बोललो का? नाही. वाटलं, तिने काही विचार करून भरली असेल. पुढच्याला विचारायचं असतं हे मीच शिकवतो. विचारलं का? नाही. "तेव्हा मी कोणाला नापास करू?" सर म्हणाले. "लावीन. फक्त माझ्या चाकांजवळ मामांना एकटं सोडायचं नाही."

ठकी पुढच्या गाडीत बसली होती. तिचं डोकं दिसत होतं, मागून. मग ती दार उघडून खाली उतरली, आपल्या हत्यारांच्या डब्यातून गेज घेतलं आणि मामांकडे आली.

मामांनी पंप सुरू केला, चाक भरलं, टोपी लावायला हात पुढे केला. ठकी म्हणाली, थांबा. ती बसली आणि गेज लावलं. मामा हात गुडघ्यांवर ठेवून उभे राहिले, त्यांच्या दुकानासमोर गिऱ्हाइकं राहतात तसे.

"एकतीस," ती म्हणाली.

"तुझं गेज कमी दाखवतंय."

"बाबा."

मामा पुन्हा उकिडवे बसले. पंप थोडा वेळ खोकला. मामांनी त्याला काही म्हटलं नाही, नुसता हात ठेवला. ठकीने पुन्हा गेज लावलं, आकडा बघितला, मान हलवली. मामांनी टोपी बसवली, अंगठा फिरवला, आणि तिची परवानगी आहे ना असं बघून पुढच्या चाकाकडे सरकले.